'ला बाम्बावाला बँड' म्हणणाऱ्यांना थोडं सविस्तर उत्तर

मध्यलय
रॉकच्या धाग्यावर काल एकाने लिहिलं: "लॉस लोबोस म्हणजे ला बाम्बावाला बँड. नेहमीच्या अमेरिकन रॉकला मेक्सिकन अकॉर्डियनची फोडणी, त्यापलीकडे काही नाही." खाली भराभर '+१' पडले. तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

ह्या बँडचा क्रम नेमका उलटा आहे. १९७३ साली ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये डेव्हिड इदाल्गो, लुई पेरेझ, सेझार रोसास आणि कॉनराड लोसानो एकत्र आले तेव्हा चौघंही रॉक आणि रिदम अँड ब्लूजमध्ये मुरलेले होते. इलेक्ट्रिक गिटार हातात होतीच. ती खाली ठेवून त्यांनी आईबापांच्या रेकॉर्डींवरची गाणी कानाने उतरवायला घेतली. बाहो सेक्स्तो (बारा तारांची, खालच्या स्वरांची गिटार), हराना (छोटी ठेक्याची गिटार), रेकिंतो (सुरावट वाजवणारी छोटी गिटार), विवेला, गितार्रोन (मोठ्या पोटाची बासगिटार) ही मेक्सिकन तारवाद्यं एकेक करून शिकले आणि सात-आठ वर्षं लग्नांत, घरगुती समारंभांत, रेस्टॉरंटांत तेच वाजवत राहिले. १९७६ साली शेतमजूर संघटनेसाठी निघालेल्या 'सी से प्वेदे' ह्या रेकॉर्डवर ते आहेत. १९७८ची स्वतःची पहिली रेकॉर्ड पारंपरिक वाद्यांवरच आहे. १९८० साली ऑलिम्पिक ऑडिटोरियममध्ये पब्लिक इमेज लिमिटेड ह्या इंग्लिश बँडच्या आधी ते ह्याच वाद्यांनिशी उभे राहिले आणि पंक पब्लिकने हाताला लागेल ते फेकून मारलं. अँप्लिफायर ठाशीवपणे परत आले ते त्या सुमारास.

म्हणजे पाया परंपरेचा पक्का झाला आणि मग त्यावर वीज आली. १९८४च्या 'हाऊ विल द वुल्फ सर्व्हाइव्ह?'मध्ये 'डोन्ट वरी बेबी'सारखा खणखणीत ब्लूज-रॉक आणि 'सेरेनाता नोर्तेन्या' एकाच रेकॉर्डवर आहेत, आणि दोन्हींत हात तेच आहेत. वरवर शिकलेल्या माणसाला हे साधत नाही. नोर्तेन्यो (उत्तर मेक्सिकोचं अकॉर्डियन-पोल्काचं संगीत) वाजवताना त्याचा उजवा हात लगेच उघडा पडतो.

आणि १९८७ला 'ला बाम्बा' (मेक्सिकोतल्या वेराक्रूझ प्रांताच्या जुन्या लोकगीताची रॉक आवृत्ती) अमेरिकेत आणि इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेल्यावर ह्यांनी काय केलं? कुठलाही रेकॉर्ड कंपनीवाला 'ला बाम्बा भाग दोन' मागेल. ह्यांनी १९८८ला 'ला पिस्तोला ई एल कोरासोन' काढली. जेमतेम पंचवीस मिनिटांची, स्पॅनिश, ध्वनिक वाद्यांवरची. त्यात 'ला ग्वाकामाया' हारोचो (वेराक्रूझच्या शैलीची) आहे, 'एल गुस्तो' वास्तेको (ईशान्येच्या वास्तेका भागाची), 'मान्यानितास' मिचोआकानची. प्रत्येक प्रांताचं वाद्य आणि हात वेगळा. फोडणी घालणारा माणूस हा खटाटोप करतो का?

खर्ज
आरती पुरे. इतिहास सगळा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे.

सोन हारोचो (सोन म्हणजे तिथलं नाचाचं लोकगीत) ही ऐकण्याची चीज नव्हे, जमून करण्याची आहे. वेराक्रूझ प्रांताच्या दक्षिण भागात फांदांगो (गाण्यानाचाचा मेळा) असतो तेव्हा मधोमध लाकडी तारिमा (नाचायचा चौथरा), त्यावर नाचणाऱ्यांचे पाय, भोवती दाटीने हरानावाले. तारिमा हेच तिथलं तालवाद्य. एक गायक कडवं टाकतो, दुसरा उत्तर देतो, एकेक सोन अर्धा-अर्धा तास चालतो. ते उचलून तीन मिनिटांच्या ट्रॅकमध्ये बसवलं की उरतं फक्त सुरावटीचं कातडं. १९८८ची रेकॉर्ड मला काचेच्या कपाटातली वाटते. सुबक, पण कपाटातली.

खरं काम १९७७ साली मोनो ब्लांको ह्या वेराक्रूझच्या गटाने सुरू केलं. म्हाताऱ्या हारोचो गायक आर्कादियो इदाल्गोला सोबत घेऊन गावोगाव फांदांगो पुन्हा उभे केले. (तो इदाल्गो वेगळा, ह्या बँडशी नातं नाही, कोणीतरी गोंधळ घालणारच, म्हणून आधीच सांगितलं.) आणि लॉस एंजेलिसमध्येच हवं असेल तर केत्साल हा बँड बघा. ते वेराक्रूझला जाऊन राहिले, तिथल्या लोकांना इकडे आणलं, कार्यशाळा घेतल्या. २०१३चं ग्रॅमी त्यांना मिळालं तेव्हा आपल्याकडे एकाही धाग्यावर एक ओळ नव्हती.

मध्यलय
केत्सालबद्दल पूर्ण सहमत. पण केत्सालच्या मंडळींना ईस्ट एल.ए.मध्ये रॉक बँडने हराना वाजवणं ही उघडी वाट मिळाली, ती कोणी पाडली?

आणि "कातडं" म्हणताना तुम्ही गृहीत धरताय की वेराक्रूझमध्ये तोवर सगळं निर्मळ होतं. १९४६च्या निवडणुकीआधी मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या मिगेल आलेमानने 'ला बाम्बा' प्रचारगीत करून देशभर फिरवलं. त्यानंतर पांढरे कपडे, मोठी हार्प, सिनेमाला साजेशी भरधाव लय हीच हारोचोची ओळख ठरली. मोनो ब्लांकोला तो मुलामा खरवडून काढावा लागला. रंगमंचाने परंपरा बिघडवली असेल तर ते काम रॉकच्या कितीतरी आधी उरकलं होतं.

सहामात्रा
दोघंही तालाबद्दल एक अक्षर बोलत नाही आहात, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे.

'ला बाम्बा' रॉकमध्ये इतकी सहज का गेली? कारण हारोचोमधल्या मोजक्या चार मात्रांच्या सोनांपैकी ती एक. अर्धा बार (म्हणजे दोन मात्रा) सी कॉर्ड, अर्धा बार एफ, पूर्ण बार जी, पुन्हा पहिल्यापासून. 'ट्विस्ट अँड शाउट'चा सांगाडा हाच. रॉकगायक रिची व्हॅलेन्सने १९५८ साली गोल्ड स्टार स्टुडिओत ती केली तेव्हा ड्रमवर अर्ल पामर होता आणि सहा तारी डॅनइलेक्ट्रो बासवर रेने हॉल. त्यांना काही मोडावं लागलं नाही, गाणं आधीच त्या साच्याचं होतं.

बाकीचे बहुतेक सोन सहाच्या चालीत आहेत आणि तिथे खरी कसोटी लागते. आपला दादरा घ्या, सहा मात्रा, ३-३. जोर १ आणि ४वर. आता त्याच सहा मात्रांत दुसऱ्याने २-२-२ धरायचं, जोर १, ३, ५वर. दोन्ही एकाच वेळी चालू राहायला हवं आणि कोणीच जिंकता कामा नये. हरानाचा उजवा हात एका बाजूला, तारिमावरचे पाय दुसऱ्या बाजूला, गायक मधूनच दोन्हींवर.

रॉक ड्रमर इथे काय करतो? सवयीने चौथ्या मात्रेवर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) ठोकतो. झालं, ३-३ कायमचं जिंकलं, २-२-२ मेलं आणि गाणं संथ ब्लूजसारखं डोलायला लागलं. उपाय असा: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) फक्त १वर, तीही हलकी. स्नेअरचा काठ किंवा नुसता ब्रश. हायहॅटवर (झांजांच्या जोडीवर) १-३-५. बासने प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा ठोकायची नाही, अधूनमधून ती रिकामी सोडायची. क्रॅश (मोठी झांज) अजिबात नाही. आणि हराना मिक्समध्ये ड्रमच्या वर. ड्रम वर ठेवून हराना 'रंगापुरती' ठेवली की संपलं.

'ला ग्वाकामाया' ऐका, ड्रमसेटचा हा त्रास तिथे येऊच दिलेला नाही. त्यामुळे खर्ज ह्यांचा 'कपाट' हा शब्द मला पटत नाही. पण मध्यलय ह्यांचा "वीज आली" हा मुद्दाही अर्धाच आहे, कारण वीज आली ती बहुतेक नोर्तेन्योच्या गाण्यांवर. दोन मात्रांच्या पोल्कावर रॉकचा ठेका सहज बसतो. सहाच्या चालीच्या सोनांना त्यांनी सहसा ध्वनिकच ठेवलं.

खर्ज
म्हणजे माझंच म्हणणं. जिथे मिश्रण अवघड होतं तिथे केलं नाही.

सहामात्रा
जिथे मिश्रणाने वाटोळं होईल तिथे हात आवरला. दोन्हींत फरक आहे.

अनवट
हरानाचा इतका बाऊ का? तारा जी-सी-ई-ए अशा लावलेल्या, म्हणजे युकुलेलेच (चार तारांची छोटी गिटार) की. ज्यांच्याकडे युकुलेले आहे त्यांनी त्यावरच वाजवावं. उगाच वेराक्रूझहून हजारो रुपयांचं लाकूड मागवायला सांगू नका लोकांना.

जाडतार
हे वाचून राहवलं नाही. युकुलेले नव्हे. हराना पाच 'घरां'ची आहे: जी-सी-ई-ए-जी. दोन्ही टोकांचा जी एकेरी, मधली तिन्ही घरं जोडतारांची. एकूण आठ तारा. पोट आणि मान सेदरो लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली, वरची फळी तेवढी वेगळी चिकटवलेली. त्यामुळे आवाज कोरडा, टोकदार आणि लगेच विझणारा येतो. तो विझतो म्हणूनच वरचा ताल स्पष्ट कळतो. युकुलेले गोड गुणगुणतं.

बोटांची ठेवणही जशीच्या तशी चालत नाही. 'ला बाम्बा'चेच तीन कॉर्ड घ्या. सी: ए-घर तिसऱ्या पडद्यावर, बाकी मोकळं, पाचवा जी मोकळा चालतो. जी-सेव्हन: युकुलेलेची ठेवण तशीच, पाचवा मोकळा, चालतं. एफला गोची होते. युकुलेलेवर वरचा जी दुसऱ्या पडद्यावर, ई पहिल्यावर, झालं. हरानावर खालचा जी मोकळा राहिला तर एफमध्ये जी घुसतो आणि कॉर्ड कुरकुरतो. तोही करंगळीने दुसऱ्या पडद्यावर दाबायचा. युकुलेलेवरून आलेले नव्वद टक्के लोक इथेच घाण करतात आणि "हराना बेसूर असते" म्हणून मोकळे होतात.

अनवट
नव्वद टक्के हा आकडा कुठून आणलात? आणि युकुलेलेवर पाचवी तार नाहीच, म्हणजे तुमची गोचीही नाही. उलट सोपं झालं. घरात बसून वाजवणाऱ्याला तेवढं पुरतं. प्रत्येक गोष्टीत शुद्धतेचा सोटा घेऊन उभं राहायची ही आपली जुनी खोड आहे. शास्त्रीयवाल्यांनी हार्मोनियमशी हेच केलं.

जाडतार
आकडा सोडा, मुद्दा धरा. पाचवा जी नुसता सोबतीला नाही. उजवा हात खाली येताना शेवटी लागते ती तार तीच, आणि वर जाताना पहिली लागतेही तीच. हात दोन्ही दिशांना एकाच स्वरावर येऊन वळतो. ती काढली की वर-खाली झाडण्यातला समतोल जातो. हे ऐकून नाही, हात चालवून कळतं.

आणि कृपा करून हरानावर गिटारच्या पोलादी तारा चढवू नका. हा सल्ला एका व्हिडिओत बघितला, म्हणून इथे लिहून ठेवतो. वाद्य नायलॉनच्या ताणासाठी बांधलेलं असतं, मानेत लोखंडी सळई नसते. आठ पोलादी तारांनी आधी घोडी उचकटते, मग घोडीमागची फळी फुगते, मग मान पुढे वाकते आणि वरच्या पडद्यांवर तारा बोटभर उंच राहतात. घोडी पुन्हा चिकटवता येते, वाकलेली मान एकसंध लाकडाची असल्याने बदलताच येत नाही. नवीन नायलॉन तारा चढवल्या की पहिले काही दिवस सतत उतरतात. त्याला घाबरून जास्त ताणू नका. प्रत्येक तार पडद्यापासून हलके उचलून ओढायची, पुन्हा लावायची, पुन्हा ओढायची.

पूर्वरंग
रेकिंतोबद्दलही लिहा. गिटारच्या पिकने वाजवलेले व्हिडिओ बघून जीव जातो. शिंगाची किंवा प्लास्टिकची लांब पट्टी लागते, ती बोटांमध्ये आडवी धरतात आणि तिचं टोक तारेवर खरवडल्यासारखं जातं. पिकचा 'टिक' येतो तसा आवाज येत नाही, किंचित खरखरीत, बोलका येतो. रेकिंतोवालाच सोन सुरू करतो, त्यामुळे त्याचा आवाज पहिल्या सेकंदाला चुकला की पुढचं सगळं चुकतं.

मध्यलय
मंडळी, धागा लॉस लोबोसवर आहे.

अनवट
धाग्याचा विषय "खरं वाजवणं म्हणजे काय" हाच आहे, फक्त तुम्ही तो एका बँडच्या नावाखाली काढलात.

पेटीमास्तर
हार्मोनियमचं नाव निघालंच आहे तर अकॉर्डियनवर बोलायला हवं, कारण मूळ टीका "अकॉर्डियनची फोडणी" अशी होती आणि बोलणारा त्या वाद्याबद्दल काही जाणत नाही हे उघड आहे.

हार्मोनियमवर भाता कुठल्याही दिशेला चालो, पट्टी दाबली की स्वर तोच. इदाल्गो जे वाजवतो ते तीन ओळींचं बटणांचं अकॉर्डियन. त्यात एकाच बटणाला दाबताना एक स्वर, ओढताना दुसरा. उजव्या हाताला एकतीस बटणं, प्रत्येक ओळ एका पट्टीची. जी-सी-एफ, एफ-बीफ्लॅट-ईफ्लॅट, ई-ए-डी असे अकॉर्डियनचे प्रकार असतात, त्यालाही मी पुढे पेटीच म्हणतो. म्हणजे सुरावट नुसती बोटांत नसते, भात्याच्या दिशेत असते. एकाच दिशेने पाच-सहा स्वर लागोपाठ आले की हवा संपते, मग अंगठ्याने हवेचं बटण दाबून भाता मोकळा करावा लागतो, तेही ठेका न चुकवता.

आता हे रॉक बँडमध्ये घाला. गिटारवाल्याला ई आणि ए आवडतात, मोकळ्या तारा मिळतात म्हणून. जी-सी-एफ पेटीवर ई मेजर म्हणजे छळ आहे. चार तीव्र स्वर हवेत आणि ते कडेच्या बटणांवर, तेही नको त्या दिशेला. मग पर्याय दोन: ई-ए-डी पेटी आणा किंवा गाणं जी-सीमध्ये हलवा आणि गिटारवाल्याला कापो (मानेवर लावायचा, पट्टी चढवणारा चिमटा) लावायला सांगा. बँडमध्ये अर्धी भांडणं ह्यावरून होतात. त्यात पेटीच्या पात्या जास्त कंपाच्या लावलेल्या असतील, म्हणजे एकाच स्वराच्या दोन पात्यांत अंतर जास्त ठेवलेलं असेल, तर डिस्टॉर्शनच्या गिटारशेजारी ती सरळ बेसूर वाटते. एकटी ऐकताना गोड, बँडमध्ये आंबट. कमी कंपाची पेटी घ्यावी.

डाव्या हाताचं बासचं काम तर बहुतेक नोर्तेन्योवाले करतच नाहीत, कित्येक जण त्या बाजूच्या पात्या काढूनच टाकतात. वजन कमी, हवा कमी लागते. डावा हात सोडून देण्याची ही पद्धत टेक्सासमध्ये नार्सिसो मार्तिनेसने रूढ केली, १९३६ पासूनच्या रेकॉर्डींत ऐकू येते. बासची बाजू त्याने सांतियागो आल्मेइदाच्या बाहो सेक्स्तोवर सोपवली. म्हणजे वाद्यांची वाटणी इतकी विचारपूर्वक झालेली आहे आणि इथे लोक फोडणी म्हणतात!

खर्ज
पेटीमास्तर, एक नंबर प्रतिसाद. आणि ह्याच प्रतिसादाने "मेक्सिकन अधिक अमेरिकन" हे गणितच मोडतं. मार्तिनेस टेक्सासचा, अकॉर्डियन आणि पोल्का जर्मन-चेक वस्तीवाल्यांकडून आलेला, कोनहुन्तोत (टेक्सासच्या मेक्सिकन लोकांच्या अकॉर्डियन-बाहो सेक्स्तोच्या ताफ्यात) ड्रम घातले ते १९४०च्या दशकाच्या अखेरीस वालेरियो लोंगोरियाने. मग लॉस लोबोसने 'मिश्रण' केलं म्हणजे नवीन काय केलं? ते मिश्रण रिओ ग्रांदेच्या (टेक्सास-मेक्सिको सीमेवरच्या नदीच्या) काठी त्यांच्या जन्माआधी झालं होतं.

मध्यलय
मिश्रणाचा शोध लावला असा दावा मी कुठे केला? वर वाचा. मी म्हटलं पाया पक्का होता.

नवीन काय ते सांगतो. टेक्सासचा कोनहुन्तोवाला वेराक्रूझचा सोन वाजवत नव्हता, वेराक्रूझवाला ब्लूज वाजवत नव्हता. ईस्ट एल.ए. ह्या दोन्हींपासून दूर आहे. तिथे मेक्सिकोच्या सगळ्या प्रांतांतून आलेली माणसं एका रस्त्यावर राहतात, म्हणून तिथल्या पोरांना हारोचो, वास्तेको, नोर्तेन्यो सगळं एकाच अंतरावर होतं आणि लिटल रिचर्डही त्याच अंतरावर. त्या जागेचा आवाज ह्यांनी केला. 'अ मॅटर ऑफ टाइम' ऐका. कामासाठी उत्तरेला निघालेला माणूस आणि मागे राहणारी बायको, सरळ इंग्रजीत, एकही मेक्सिकन वाद्य पुढे न करता. पेरेझ-इदाल्गो जोडीच्या गीतांबद्दल इथे कोणी बोलतच नाही, सगळे तारा मोजण्यात गुंतलेत.

जाडतार
तारा मोजल्या नाहीत तर तुमचा पाया नुसता शब्दांत राहील.

पूर्वरंग
बँडच्या सॅक्सोफोनवाल्याचं, स्टीव्ह बर्लिनचं, नाव अजून आलं नाही. तो १९८४ला आला, आधी ब्लास्टर्स ह्या बँडमध्ये होता. खर्ज ह्यांच्या "अवघड तिथे केलं नाही"ला उत्तर सॅक्सोफोनमध्ये आहे. टेक्सासच्या कोनहुन्तोत आणि ब्लूजच्या बँडमध्ये सॅक्स दोन्हीकडे आहे, त्यामुळे गाणं एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाताना सॅक्सला वाद्य बदलावं लागत नाही. त्याचा बॅरिटोन सॅक्सोफोन गितार्रोनसारखा खालून टेकू देतो.

खालीबास
गितार्रोनसारखा नाही देत. गितार्रोनला पडदे नाहीत, सहा तारा ए-डी-जी-सी-ई-ए, आणि एकेका तारेवर वाजवत नाहीत. दोन तारा एकदम ओढून सप्तकाची जोडी काढतात. सहावी आणि पहिली दोन्ही ए, एका सप्तकाच्या अंतराने, म्हणजे ए तर मोकळाच मिळतो. बाकीच्या स्वरांना डाव्या हाताने जोडी शोधायची. आवाज धप्पकन येतो आणि विझतो. लोसानो हे वाद्य आणि इलेक्ट्रिक बास दोन्ही वाजवतो, आणि त्याच्या इलेक्ट्रिक बासमध्येही ती विझण्याची शिस्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना हा परिणाम इलेक्ट्रिक बासवर हवा त्यांनी घोडीपाशी तारांखाली स्पंजाची पट्टी सरकवावी, इतकी की स्वर कळेल पण लांबणार नाही. गोल गुंडाळीच्या चकचकीत तारांऐवजी सपाट गुंडाळीच्या. पिक नाही, अंगठा, आणि तोही मानेच्या जवळ. हे न करता बास लांबवला तर बाहो सेक्स्तोच्या खालच्या जोडतारांवर चिखल होतो, कारण तोही ठोक्यावर बासचाच स्वर टाकतो आणि मधल्या जागेत कॉर्ड. दोघांत करार हवा: बासने स्वर आखूड ठेवायचा किंवा बाहो सेक्स्तोने फक्त मधले कॉर्ड धरायचे.

अनवट
मंचावर ही सगळी पोकळ वाद्यं ड्रमशेजारी मायक्रोफोनवर ठेवली तर नुसती शीळ घुमते. तिथे तुमची शुद्धता काय करते?

खालीबास
घोडीखाली पिएझो (लाकडाचं कंपन टिपणारी पट्टी) बसवते. हरानाचं शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं कापते, मग आवाज हळूहळू वाढवत घुमणारा पट्टा शोधते आणि तेवढाच अरुंद खाली आणते. मॉनिटर वाद्याच्या तोंडासमोर ठेवत नाही. पिएझोने हराना प्लास्टिकसारखी वाटते, म्हणून शांत गाण्याला मायक्रोफोन, जोरकस गाण्याला पिएझो. ही पद्धत जुनी आहे. त्यात शुद्धतेची अडचण कुठे आली?

अनवट
ठीक. हे उत्तर कामाचं आहे. युकुलेलेचं मत मात्र बदललेलं नाही.

खर्ज
मध्यलय, 'जागेचा आवाज' हा मुद्दा मी अर्धा मानतो. तो तुमच्या १९८४च्या रेकॉर्डपेक्षा १९९२च्या 'किको'ला लागू पडतो. मिचेल फ्रूमची निर्मिती, चॅड ब्लेकचं ध्वनिमुद्रण. तिथे कुठलं अंग मेक्सिकन, कुठलं अमेरिकन हे वेगळं काढता येत नाही. गाणी स्वप्नातल्यासारखी येतात आणि सांधा दिसत नाही. आधीच्या रेकॉर्डींत 'आता पोल्का, आता ब्लूज' अशी वाटणी आहे. तुम्ही धागा 'किको'वर काढला असता तर मी पहिल्या प्रतिसादातच गप्प बसलो असतो.

पण १९८८च्या रेकॉर्डबद्दलचं मत तेच. आणि 'ला बाम्बा'ने नुकसान केलं हेही. फांदांगोत त्या एका सोनाची जागा इतर डझनावारी सोनांच्या बरोबरीची आहे. जगाला तेवढाच एक माहीत झाला.

सहामात्रा
नुकसान केलं असेल, पण लॉस लोबोसच्या ध्वनिमुद्रणाचा शेवट विसरू नका. रॉकचा भाग थांबतो, ड्रम जातात आणि गाणं ध्वनिक तारवाद्यांवर हारोचो पद्धतीने संपतं. व्हॅलेन्सच्या १९५८च्या ध्वनिमुद्रणात हे नाही. पहिल्या क्रमांकावर गेलेल्या पॉप गाण्याच्या शेपटीला त्यांनी ते कुठून आलं हे वाजवून दाखवलं. रेडिओवाले बऱ्याचदा तिथेच आवाज उतरवून जाहिरात लावत, तो दोष बँडच्या माथी नको.

खर्ज
शेवट माहीत आहे. तो भाग चांगला आहे हे मान्य. आखूड आहे हेही मान्य करा.

सहामात्रा
आखूड आहे.

जाडतार
खर्ज, २००८ पासून बरीच वर्षं तिहुआना (मेक्सिको) आणि सान दिएगो (कॅलिफोर्निया) ह्यांच्या सीमेवर कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी फांदांगो झाला. तारिमा इकडे, तारिमा तिकडे, मध्ये लोखंडी जाळी. तिथे गेलेल्या कॅलिफोर्नियाच्या पोरांना विचारा हराना पहिल्यांदा कुठे ऐकली. सगळ्यांनी वेराक्रूझ सांगितलं तर मी तुमचं सगळं म्हणणं मानतो.

खर्ज
त्यांनी रॉक बँडचं नाव घेतलं तरी माझा मुद्दा पडत नाही. दार दाखवणं वेगळं, घरात राहणं वेगळं. तरी दार दाखवलं, हे लिहून देतो.

पेटीमास्तर
व्यक्तिगत संदेशात दोघांनी विचारलं म्हणून इथेच लिहितो. पहिली पेटी घेताना जी-सी-एफ घ्यावी की ई-ए-डी? रेकॉर्डींसोबत वाजवायचं असेल तर आधी ज्या पाच गाण्यांसाठी घेताय त्यांच्या पट्ट्या लिहून काढा. एफ, सी, जी जास्त आल्या तर जी-सी-एफ. घरात गिटारवाला असेल आणि तो कापो लावायला तयार नसेल तर ई-ए-डी. जुनी घेताना प्रत्येक बटण दाबताना आणि ओढताना दोन्ही दिशांना वाजवून बघा, एकतीस बटणांचे बासष्ट आवाज. एखादा उशिरा उमटला तर पाती मळलेली किंवा मेण सुटलेलं. मग एकही बटण न दाबता पट्टा सोडून पेटी एका हाताने टांगती धरा. भाता आपोआप झरझर उघडत गेला तर कुठेतरी हवा गळते. घडीच्या कोपऱ्यांत आधी बघा, मग बटणांखालच्या झडपांत. कोपऱ्यांतली गळती पट्टी चिकटवून थांबते, झडपांची चामडी बदलावी लागतात आणि तो खर्च किमतीत धरूनच सौदा करा.